ती ओरडते

मे महिन्यात चिपळूणला भाचीचं लग्न झालं. (आले होते त्यांना आठवत असेलच. जे आले नाहीत त्यांनी वहिनीची बोलणी खाल्लेली आहेत, तो विषय इथे पुन्हा नको.) संध्याकाळी स्वागत समारंभाला कॉलेजमधल्या चार पोरांचा बँड ठेवला होता. जेवणाची वेळ झाली तशी पोरं वाद्यं तिथेच सोडून ताटं घ्यायला गेली, आणि माझा चुलतभाऊ, आम्हा सगळ्यांचा दादा, कुणाचं लक्ष नाहीसं बघून त्यांच्यातल्या एका खुर्चीत जाऊन बसला. गिटार मांडीवर घेतली. ॲम्प बंदच होता. आधी बोटं तारांवर नुसतीच फिरली, मग एका जुन्या गाण्याच्या सुरुवातीचा तुकडा अडखळत का होईना पण पूर्ण वाजला. दादाने स्वतःची गिटार विकली ती १९८८ साली. त्यानंतर त्याच्या हातात गिटार मी पहिल्यांदाच बघत होतो.

पोरं परत आली तसा तो चोरी पकडल्यासारखा उठला. मी म्हटलं, "दादा, आता रिटायर झालास. घे की एखादी."

"बघू," तो म्हणाला. "घेतलीच तर स्वस्तातली घेईन. आणि ती पोकळ पोटाची नको रे बाबा. ती ओरडते."

तो हसतच म्हणाला, पण माझ्या घशातली जिलबी तिथेच अडकली.

ही ओरडण्याची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. बाकीच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. १९८६चा गणेशोत्सव. दादा तेव्हा चोवीस वर्षांचा, दिवसा एका कारखान्यात फिटर आणि संध्याकाळी गावातल्या ऑर्केस्ट्रात गिटारवाला. त्याची गिटार कलकत्त्याहून आलेली, व्हायोलिनसारखी वरच्या फळीला दोन बाजूंना इंग्रजी 'एफ'च्या आकाराची भोकं असलेली, आतून पूर्ण पोकळ. तिच्यावर पिकअप बसवून दिला होता बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने. परदेशी गिटार आणायची तर आयात परवाना, जकात आणि आखातातला एखादा मामा एवढं सगळं लागायचं. आमच्याकडे तिन्हीपैकी काही नव्हतं. तर त्या दिवशी आर. डी. बर्मनच्या गाण्यांची माळ लावली होती. दादाचा एकट्याचा तुकडा आला, त्याने पहिला सूर लावला न लावला तोच मंडपभर 'कूंऽऽऽ' असा भयानक आवाज सुरू झाला. थांबेचना. दादाने तारांवर पंजा ठेवला तरी थांबेना. लोकांनी आधी कानांवर हात ठेवले आणि मग पोटावर. पुढे कित्येक महिने गावात त्याला 'कुकर' म्हणत.

या गोष्टीतला एक भाग घरच्यांनाही माहीत नाही. तो पुढे येईल.

लग्नाहून पुण्याला परत आलो ते ठरवूनच, की दादाला गिटार आपण घेऊन द्यायची. पन्नास हजारांच्या आत, कारण त्याहून महाग वस्तू तो घरात ठेवून घेणार नाही (आणि खरं सांगायचं तर मलाही झेपणार नाही). अडचण एकच होती. मला गिटार वाजवता येत नाही. मला फक्त वाचता येतं, आणि वाचायला बसलो की माझी गाडी नको तितकी मागून सुटते. दुकानात जायच्या आधी मी १९३६ सालात जाऊन पोचलो.

त्या वर्षी अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीने ईएस-१५० नावाची गिटार बाजारात आणली. ईएस म्हणजे इलेक्ट्रिक स्पॅनिश, आणि १५० म्हणजे किंमत, डॉलरमध्ये, ॲम्प धरून. तोपर्यंत जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदात गिटारवाल्याची अवस्था लग्नातल्या सनईवाल्यापेक्षा वाईट होती. शेजारी डझनभर ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन आणि त्यांच्या मागे ड्रम, मग बिचाऱ्याच्या तारा ऐकणार कोण? तो नुसता ताल धरून बसायचा. ईएस-१५०ने हे बदललं. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेलं तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. वरची पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात वीज तयार होते, ॲम्प ती मोठी करतो आणि स्पीकर बोलतो. चार्ली ख्रिश्चन नावाचा तरुण १९३९मध्ये बेनी गुडमनच्या ताफ्यात ही गिटार घेऊन आला आणि सॅक्सोफोनच्या बरोबरीने एकट्याचे तुकडे वाजवायला लागला. १९४२ साली तो क्षयाने गेला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. एवढ्या तीन वर्षांत त्याने गिटारला मागच्या रांगेतून पुढे आणून बसवलं.

पण गिटारचं पोट अजून पोकळच होतं, आणि सगळी भानगड तिथे आहे. पोकळ गिटारची वरची फळी पातळ असते, आवाज यावा म्हणून ती हलायलाच केलेली असते. आता ॲम्प मोठा केला की काय होतं? स्पीकरमधून आलेला आवाज त्या फळीवर आदळतो. फळी थरथरते, फळीबरोबर तारा थरथरतात, पिकअप ते टिपतो, ॲम्प मोठं करून स्पीकरला देतो, स्पीकर पुन्हा फळीवर आदळवतो. फिरत फिरत प्रत्येक फेरीला आवाज वाढतच जातो. माइक स्पीकरसमोर नेला की शिट्टी वाजते ना, अगदी तेच. याला फीडबॅक म्हणतात. तारांवर हात ठेवून तो थांबेलच असं नाही, कारण फळी आणि तिच्यावर बसवलेला पिकअप दोघं हलतच असतात. थांबवायचा तर ॲम्पचा आवाज तरी कमी करा नाहीतर गिटार घेऊन लांब जा.

हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते. मी उठून पाणी प्यायलो.

कारण १९८६ साली मंडपात ॲम्पजवळ बसवलेला पोरगा मी होतो. वय बारा. दादाने मला 'असिस्टंट' म्हणून नेलं होतं आणि मी तो शब्द आठवडाभर शाळेत मिरवला होता. ॲम्पच्या बटणाशेजारी त्याने पेन्सिलीने एक रेघ मारली होती आणि ह्याच्या पुढे न्यायचं नाही असं दोनदा बजावलं होतं. त्याचा तुकडा सुरू होताना मागच्या गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अरे आवाज वाढवा!" आणि मी वाढवला. चांगला पाव फेरा. मग 'कूंऽऽऽ' सुरू झालं, मी घाबरून बटणावरून हातच काढून घेतला, आणि लोक हसायला लागल्यावर त्यांच्यात सामील झालो. दादाचा हात चुकला असेल किंवा ती कलकत्त्याची गिटार फालतू असेल, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. बटणाचा आणि त्या आवाजाचा संबंध लावावा असं मला कधी सुचलं नाही. लावायचा नव्हता, असंही असेल.

तर मंडळी, आता तुमच्या लक्षात आलं असेल की पुढचं सगळं संशोधन हा माणूस इतक्या हिरिरीने का करत बसला.

हा फीडबॅक माझ्या दादाच्या एकट्याच्या नशिबी नव्हता ही पहिली गोष्ट कळली. तीसच्या दशकापासून सगळे गिटारवाले त्याच्याशी झुंजत होते. बी. बी. किंग आपल्या गिटारच्या 'एफ' भोकांत चिंध्या कोंबायचा. पुढे १९८०मध्ये गिब्सनने त्याच्या नावाची गिटार काढली तेव्हा तिला ती भोकंच ठेवली नाहीत. (त्याच्या सगळ्या गिटारींचं नाव 'ल्युसिल'. १९४९ साली आर्कान्सामधल्या ट्विस्ट नावाच्या गावी नाचघराला आग लागली, तो बाहेर पळाला आणि मग गिटार आत राहिली म्हणून परत आगीत शिरला. नंतर कळलं की ज्या मारामारीत आग लागली ती ल्युसिल नावाच्या बाईवरून होती. असा मूर्खपणा पुन्हा करू नये याची आठवण म्हणून त्याने गिटारला ते नाव दिलं.)

दुसरा उपाय लेस पॉलचा. हा वाजवणाराही आणि खटपट्याही. १९४०च्या सुमाराला न्यूयॉर्कमध्ये एपिफोन कंपनीच्या कारखान्यात तो रविवारी, कामगार नसताना, जाऊन बसायचा. तिथे त्याने चार इंच बाय चार इंच जाडीचा पाइनचा एक भरीव ओंडका घेतला, त्याला गिटारचा दांडा जोडला, वर पिकअप आणि तारा लावल्या. ओंडका भरीव, त्यामुळे हलायचा प्रश्न नाही, ओरडायचाही नाही. पण दिसायला तो रेल्वेच्या स्लीपरसारखा होता. लोक तिकडे बघेनात. म्हणून त्याने एपिफोनचीच एक पोकळ गिटार उभी कापली आणि तिचे दोन भाग ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे डकवले. आवाजाला त्या पंखांचा उपयोग शून्य. पण आता ती गिटार दिसत होती, आणि लोक ऐकायला लागले. ह्या वस्तूचं नावच 'द लॉग', म्हणजे ओंडका. गिब्सनकडे तो ती घेऊन गेला तेव्हा त्यांनी त्याला हसून वाटेला लावलं, असं तो पुढे आयुष्यभर सांगत असे.

मग १९५०मध्ये लिओ फेंडरने सरळ भरीव फळीची गिटार विकायला काढली, ती खपली, आणि गिब्सनला घाईघाईने १९५२मध्ये स्वतःची भरीव गिटार आणावी लागली. तिला नाव कुणाचं दिलं? लेस पॉलचं! ज्याला हसले होते त्याचंच. भरीव गिटार ओरडत नाही, पण जुन्या जॅझवाल्यांना तिचा आवाज फार टोकदार वाटायचा आणि ती वजनालाही जड. त्यांना पोकळ गिटारचा तो गोल, उबदार आवाज हवा होता, फक्त शिट्टी नको होती.

हे जुळवून आणलं टेड मॅकार्टीच्या गिब्सनने. हा १९५०पासून १९६६पर्यंत कंपनीचा प्रमुख होता. मिशिगन राज्यातल्या कॅलामझू गावच्या कारखान्यातून १९५८मध्ये ईएस-३३५ बाहेर पडली, आणि सेमी-हॉलो गिटार म्हणजे काय याचं उत्तर आजही बहुतेक लोक हिच्याकडे बोट दाखवूनच देतात. बाहेरून पोकळ गिटारसारखीच, दोन 'एफ' भोकं, पण जाडी जेमतेम चार सेंटिमीटर. आणि पोटात, दांड्याच्या मुळापासून शेपटीपर्यंत, मधोमध मेपल लाकडाचा एक भरीव ठोकळा. तारांचा ताण आणि घोडीचे खिळे सगळे या ठोकळ्यावर. वरची फळी मधे ठोकळ्याला चिकटलेली, म्हणून ती मोकाट थरथरू शकत नाही. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना मात्र पोकळी, तिथून थोडी ऊब मिळते. फळी वरून उगवतीच्या चंद्रासारखी फुगीर आणि ठोकळा सपाट, म्हणून दोघांच्या मधली फट भरायला स्प्रूसच्या खाचा पाडलेल्या पट्ट्या, म्हणजे त्या वळणाप्रमाणे वाकतात. माझ्या आजोबांच्या सुताराने हे बघितलं असतं तर मान डोलावली असती.

शिवाय हिच्यावर पिकअप होते ते सेथ लव्हर नावाच्या इंजिनियरचे, १९५७पासून वापरात आलेले. प्रत्येकात एकाऐवजी दोन वेटोळी, एकमेकांच्या उलटी जोडलेली. ट्यूबलाइट आणि वायरिंगमधून येणारी घूं घूं दोन्ही वेटोळ्यांत सारखीच शिरते आणि उलट जोडणीमुळे आपसांत कटते, तारांचा आवाज तेवढा उरतो. आपल्याकडच्या मंडपातल्या वायरिंगसाठी यापेक्षा चांगली गोष्ट नाही.

आता माझा आवडता भाग. ही गिटार प्लायवूडची आहे!

हो, प्लायवूड. वरची फळी, मागची फळी, बाजू, सगळं मेपल-पॉपलर-मेपल असे थर चिकटवून दाबून काढलेलं. त्याआधीच्या गिब्सनच्या भारी गिटारी, उदाहरणार्थ १९२२ची एल-५, वरच्या फळीसाठी अख्खं स्प्रूस लाकूड कोरून केलेल्या असत. १९४९च्या ईएस-१७५सारख्या गिटारींत त्यांनी थरांची फळी वापरली. ती स्वस्त पडते हे एक कारण, आणि ती ताठ असते, कमी हलते, म्हणून कमी ओरडते हे दुसरं. म्हणजे विजेच्या गिटारला स्वस्तातलं लाकूडच जास्त लागू पडलं. जालावर लोक स्वस्त गिटारींना 'शेवटी प्लायवूडच' म्हणून नाकं मुरडतात तेव्हा मला आता फार मजा वाटते. ज्या १९५८च्या मूळ गिटारी आज घराच्या किमतीत विकल्या जातात, त्यासुद्धा शेवटी प्लायवूडच. त्या वेळी तिची किंमत २६७ डॉलर ५० सेंट होती. कमी वाटते ना? महागाई धरून हिशोब केला तर ते आजचे तीन हजार डॉलरच्या आसपास होतात, आणि आज गिब्सनची नवी ३३५ साधारण त्याच घरात, किंवा थोडी वर आहे. ती कधीच स्वस्त नव्हती. कारखान्यातल्या फिटरसाठी तर नाहीच.

स्वस्त कशी झाली हा वेगळा इतिहास आहे आणि तो थोडा दुःखाचा आहे. ज्यांच्या कारखान्यात लेस पॉल रविवारी ओंडके कापत बसायचा ती एपिफोन ही ग्रीक स्थाथोपुलो कुटुंबाची कंपनी, एके काळी गिब्सनची बरोबरीची स्पर्धक. घरातला कर्ता मुलगा एपी १९४३मध्ये गेला, भावांना धंदा पेलला नाही, आणि १९५७मध्ये गिब्सनच्या मालकांनी ती फक्त वीस हजार डॉलरला विकत घेतली. मग कॅलामझूलाच एपिफोनच्या नावाने गिटारी बनू लागल्या, पुढे सत्तरच्या दशकात काम जपानला गेलं, तिथून कोरियाला, आणि २००४मध्ये चीनच्या छिंगदाओ शहरात त्यांचा स्वतःचा कारखाना उभा राहिला. १९९७मध्ये त्यांनी 'डॉट' नावाची गिटार काढली. सुरुवातीच्या ३३५च्या दांड्यावर साधे ठिपके होते, त्यावरून हे नाव. लोक तिला गिब्सनची स्वस्त नक्कल म्हणतात. कागदोपत्री बरोबर आहे. पण मधे भरीव ठोकळा आणि बाजूला पंख ही कल्पना पहिल्यांदा एपिफोनच्याच कारखान्यात, एपिफोनचीच गिटार कापून उभी राहिली होती, हे कुणी सांगत नाही.

दरम्यान कॅलामझूचं काय झालं? १९६९मध्ये कंपनीची मालकी बदलली, टेनेसीत नॅशव्हिलला नवा कारखाना निघाला, आणि १९८४मध्ये कॅलामझूचा जुना कारखाना बंद झाला. गाव सोडून जायला तयार नसलेल्या काही जुन्या कामगारांनी १९८५मध्ये त्याच इमारतीत हेरिटेज नावाची गिटार कंपनी काढली. ही तारीख वाचताना मला आपल्या गिरण्या आठवल्या. १९८२चा संप, आणि नंतर चिपळूण-गुहागरकडे परत आलेले आमच्या आळीतले दोन काका. त्यांना त्यांच्या गिरणीच्या इमारतीत कुणी शिरू दिलं नाही.

जपान्यांबद्दलही दोन शब्द. नागोयाची होशिनो गाक्की ही १९०८पासूनची कंपनी. स्पेनमधल्या साल्वादोर इबान्येझच्या गिटारी ती आधी आयात करत असे, मग तेच नाव आपल्या गिटारींना घेतलं, ती आयबानेझ. सत्तरच्या दशकात त्यांनी अमेरिकन गिटारींच्या इतक्या हुबेहूब नकला केल्या की १९७७मध्ये गिब्सनच्या मालकांनी त्यांच्या अमेरिकेतल्या वितरकावर दावा ठोकला. दावा गिटारच्या डोक्याच्या आकारावरून होता, आणि गंमत म्हणजे तोवर आयबानेझने तो आकार बदललेला होता. प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. पण त्यानंतर त्यांनी स्वतःची रचना करायला घेतली, आणि १९८१पासून जॉन स्कोफिल्डसारखा जॅझवाला त्यांची एएस-२०० घेऊन वाजवायला लागला, परवडत नव्हती म्हणून नव्हे तर आवडली म्हणून. २००२मध्ये त्यांनी आर्टकोअर नावाने चीनमध्ये बनवलेल्या सेमी-हॉलो गिटारी आणल्या आणि ही वस्तू खऱ्या अर्थाने मध्यमवर्गीय झाली.

एवढं झाल्यावर मी दुकानांच्या वाऱ्या सुरू केल्या. माझ्यासारख्या न वाजवणाऱ्याला उपयोगी पडलेल्या गोष्टी सांगतो.

एक फसगत मोठी आहे. 'एफ' भोकं आहेत आणि पातळ आहे म्हणजे सेमी-हॉलो, असं नसतं. एपिफोनची कॅसिनो दिसायला अगदी ३३५ची बहीण, पण आत ठोकळाच नाही, ती पूर्ण पोकळ. १९६१पासूनची. पॉल मॅकार्टनीने १९६४मध्ये घेतली, लेनन आणि हॅरिसनने १९६६मध्ये, आणि ३० जानेवारी १९६९ला लंडनमध्ये गच्चीवर बीटल्स शेवटचे वाजले तेव्हा लेननच्या गळ्यात रंग खरवडून काढलेली तीच होती. मॅकार्टनीला ती हवी होती ती ओरडते म्हणूनच. ज्या आवाजाने माझ्या भावाचा 'कुकर' झाला तो आवाज हे लोक मुद्दाम शोधत होते. असतं एकेकाचं नशीब. मला मात्र कॅसिनोपासून चार हात लांब राहायचं होतं. ओळखायची कशी, तर मोबाइलची बॅटरी लावून 'एफ' भोकातून आत बघायचं. ठोकळा असेल तर एका बाजूला भिंत दिसते. आरपार दुसरं भोक दिसलं तर नमस्कार करून खाली ठेवायची. दुकानातला मुलगा माझ्याकडे दंतवैद्याकडे बघावं तसा बघत होता.

दुसरं, वजन आणि रुंदी. ३३५च्या मापाची गिटार सोळा इंच रुंद असते आणि ठोकळ्यामुळे साडेतीन किलोच्या आसपास जाते. लहान मापाच्याही मिळतात, गिब्सनने २००७मध्ये ३३९ नावाने तशी काढली आणि एपिफोननेही मग तिची स्वस्त बहीण आणली. दादाचा खांदा दुखतो म्हणून मी तीवर थोडा रेंगाळलो. पण तो खुर्चीत बसून वाजवणार, आणि लग्नात मी त्याला बघितलं होतं, त्याला मोठ्या अंगाची सवय आहे. तिसरं, दमट हवा. इथे प्लायवूड पुन्हा कामाला येतं, अख्ख्या लाकडाच्या फळीपेक्षा ते कोकणातल्या पावसाळ्यात कमी फुगतं. चौथं, या गिटारींना मागे झाकण नसतं. आतलं बटण खरखरायला लागलं तर दोरा बांधून सगळं 'एफ' भोकातून बाहेर ओढावं लागतं आणि पुन्हा तसंच आत बसवावं लागतं. दुकानदार याला अडचण म्हणतात. चाळीस वर्षं फिटर राहिलेल्या माणसाला हा पावसाळ्यातला छंद आहे.

बजेटात बसणाऱ्या तीन होत्या. आर्टकोअर मालिकेतली आयबानेझ एएस-७३, एपिफोन डॉट, आणि फेंडरच्या सत्तरच्या दशकातल्या स्टारकास्टरची स्क्वायर नावाने आलेली स्वस्त आवृत्ती. दुकानातल्या मुलाने तिन्ही वाजवून दाखवल्या. आयबानेझचे फ्रेट जास्त गुळगुळीत लागले, प्रामाणिकपणे सांगतो. नवी घ्यायची असती तर कदाचित तीच घेतली असती.

पण मधेच एक जुनी डॉट मिळाली. बाणेरला राहणारा एक मुलगा नोकरीसाठी परदेशी चालला होता, त्याला ती सत्तावीस हजारांत काढायची होती. चेरीचा लाल रंग, मागे पट्ट्याच्या बक्कलचे ओरखडे, बाकी ठणठणीत. बॅटरी लावली, भिंत दिसली. मग त्याच्याकडचा माहितीचा कागद वाचताना दांड्यावरच्या पट्टीपुढे लिहिलेलं दिसलं, 'इंडियन लॉरेल'.

गिटारवर बोटं जिथे पडतात त्या पट्टीला पूर्वी ब्राझीलचं रोझवूड असे. ते दुर्मिळ होत गेलं तसे साठच्या दशकाच्या मध्यापासून लोक भारतीय रोझवूडकडे वळले, म्हणजे आपल्या शिसवीकडे. जगभरातल्या गिटारवाल्यांची बोटं आपल्या दिवाणखान्यातल्या पाटा-चौरंगाच्या लाकडावरून फिरत होती! मग २ जानेवारी २०१७पासून शिसवीच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवान्याची अट लागली. तयार वाद्यांना त्यातून नोव्हेंबर २०१९मध्ये सूट मिळाली, पण तोवर स्वस्त गिटारींच्या कारखान्यांनी दुसरी लाकडं धरली होती. त्यातलं एक इंडियन लॉरेल. हे काय झाड आहे म्हणून शोधलं तर टर्मिनालिया एलिप्टिका. म्हणजे ऐन.

ऐन! मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल. भाताचा राब भाजायला ज्याच्या फांद्या तोडतात तो. गुहागरकडच्या आमच्या जुन्या घराचे खांब ऐनाचे होते, आणि दादाने लहानपणी त्यातल्या एका खांबावर ब्लेडने स्वतःचं नाव कोरून आजोबांचा मार खाल्ला होता. गिटारमधला ऐन कुठल्या जंगलातला ते देव जाणे. पण मी त्या मुलाशी घासाघीस केली नाही. सत्तावीसच्या सत्तावीस दिले.

सध्या ती माझ्या कपाटाशेजारी उभी आहे. तारा नव्या बसवून आणल्या आहेत, बरोबर एक छोटा ॲम्प घेतला आहे, दोन्ही मिळून हिशोब पस्तीस हजारांच्या आत राहिला. येत्या रविवारी चिपळूणला नेणार आहे. ठोकळा, प्लायवूड, लेस पॉल वगैरे सगळं दादाला सांगायचं ठरवलं आहे, आणि त्या आधी बटणाचं. ते तोंडाने सांगायला जमेल की नाही याची खात्री नव्हती म्हणून आधी इथे लिहून काढलं.

वहिनी, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. रविवारपर्यंत त्याला काही सांगू नकोस. आणि माळ्यावर त्याचा जुना गिटारचा पट्टा असेल तर काढून ठेव, नव्याला एकच बाजू धड आहे.